छातीला न लागलेली नळी

तुम्ही तिला हात लावला नाहीत, साहेब. चार वर्षं ती तुमच्या खिडकीशी उभी राहत होती आणि चार वर्षांत तुमच्या गळ्यातली ती नळी एकदाही तिच्या छातीला लागली नाही. तिला कुठला रोग खातोय ते मुंबईवाल्यांनी सांगितलं. तिला त्या रोगाच्या तोंडी कुणी दिलं, ते तुम्ही सांगायचं.

हंसा हे रोज म्हणायची. मनातल्या मनात नव्हे, चांगलं मोठ्यानं. डोक्यावर म्हावऱ्याची पाटी, पदर कंबरेला खोचलेला, आणि डहाणूच्या बंदरापासून आशागडापर्यंतची वाट. बैलगाडीवाले वळून बघायचे, की बाई भांडतेय कुणाशी? एकानं तर विचारलंच, "काय गो हंसाबाय, वाऱ्याशी भांडतेस काय?"

"वारा निदान अंगाला लागतो," हंसा म्हणाली. "मी ज्याच्याशी भांडते तो अंगाला लागून घेत नाय."

आता ही भानगड काय ते सांगायला हवं.

दवाखाना धर्मादाय होता. कुणा शेटनं आईच्या नावानं बांधलेला, दारावर तिचं नाव संगमरवरात कोरलेलं. आत पंखा, बाक, तपासायचं टेबल, टेबलावर पांढरी चादर. हंसाला हे सगळं माहीत होतं ते खिडकीतून बघून. बंदरावरच्या बायकांनी आत यायचं नाही असं कुठे लिहिलेलं नव्हतं. डॉक्टरसाहेब नवे आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि कंपाउंडरला सांगितलं, "धोंडी, या म्हावरेवाल्यांना खिडकीवरून घेत जा. दिवसभर खोलीतून वास जात नाही." झालं, तोच कायदा. खिडकीला गज. बंदरावरच्या मासेमार मांगेल्यांची बाई गजाबाहेर उभी राहायची, दुखणं सांगायची, साहेब आतून खुर्चीतूनच ऐकायचे, आणि इंजेक्शन असलं तर बाईनं दंडापर्यंत हात गजांतून आत घालायचा. धोंडी टोचायचा. सायवनकडून, कासाकडून पायी उतरलेले वारली तर त्याहून लांब, चिंचेखाली. मांगेल्यांचं आटपलं की मग त्यांचा नंबर.

आणि त्याच साहेबांच्या बंगल्याच्या मागल्या दाराशी रोज सकाळी हंसाची पाटी उतरायची. डॉक्टरीणबाई कल्ले उचकटून बघायच्या, लाल आहेत का. पापलेट असलं तर बाकी कुणाला दाखवायच्या आधी त्यांना दाखवायचं, हे ठरलेलं. हंसानंच ठरवलेलं. म्हटलं, साहेबांच्या पोटात आपलं म्हावरं गेलं तर कधी अडल्यानडल्याला आपली आठवण ठेवतील. पुढल्या खिडकीत नाकाला रुमाल, मागल्या दारात कालवणाला फोडणी. हंसाला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. बंदरावर कुणालाच वाटलं नाही. राग यायला आधी माणसाला कळावं लागतं की हे असंच असायला हवं असं नाही.

वेणू ही हंसाची धाकटी बहीण. दोघी एकाच आळीत दिलेल्या. वेणूचा नवरा भीमा, बोटीवर जाणारा, आईपुढे तोंड न उघडणारा. एक पोरगी, जमुना. लहानपणी वेणूला एकदा मोठा ताप आला होता, गुडघे आणि कोपरं सुजून महिनाभर अंथरुणाला खिळली होती. मग बरी झाली, नाचायला लागली, सगळे विसरले. लग्नानंतर पाटी घेऊन बाजार करायला लागली तशी तिला धाप लागायला लागली. गाल मात्र लाल. सासू हिराबाई म्हणायची, "गाल बघा हिचे, रंग लावल्यासारखे. हिला काय झालंय? कामाचा कंटाळा झालाय."

एका सकाळी बोंबील वाळत घालायच्या वलांडीपाशी वेणू खोकली आणि हातातल्या फडक्यावर रक्त पडलं.

हंसा तिला घेऊन खिडकीशी गेली. फडकं गजांतून दाखवलं. साहेबांनी मान वाकडी करून लांबूनच बघितलं.

"क्षय," साहेब म्हणाले. "धोंडी, हिला रोजचं इंजेक्शन सुरू कर."

"साहेब, धाप लागते हो तिला. उताणं निजवत नाय. छाती जरा…"

"मला शिकवतेस? घरात ठेवू नका हिला. भांडी वेगळी, अंथरूण वेगळं, पोरगी लांब. आणि खायला ताकदीचं घाला."

एवढंच. तेवढ्या वेळात हंसाचं बोंबलाचं एक गिऱ्हाईक पण आटपत नसे.

बंदरावर साहेबांचा शब्द म्हणजे शब्द. हिराबाईचा थोरला मुलगा क्षयानंच गेलेला होता. बाई वाईट नव्हती, पण घाबरलेली होती, आणि घाबरलेलं माणूस वाईटाहून कडक वागतं. तिनं त्याच दिवशी वलांडीच्या टोकाला, जिथं तुटकी होडी पालथी पडलेली होती, तिथं झापांची खोपी बांधून घेतली. वेणू तिथं. जमुना घरात. वेणूच्या हातचं म्हावरं आळीत कुणी शिवेना, बाजारात कुणी घेईना. पोरगी लांबून आईकडे बघायची, आई पोरीकडे. जमुनाचे केस विंचरायचे दिवस असे निघून गेले. ती आजीकडून वेणी घालून यायची, वाळूत उभी राहून पाठ दाखवायची. आईनं लांबूनच म्हणायचं, "छान झालीय हो."

आणि ताकदीचं खाणं? आता बंदरावरच्या माणसाला ताकदीचं खाणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाळंतिणीला तेच, आजारातून उठलेल्याला तेच, समुद्रावरून थकून आलेल्याला तेच: मिठात मुरवलेलं, कडक वाळवलेलं म्हावरं. खारं घोळ, खारा दाढा. हंसानं आपल्या घरातलं चांगल्यातलं चांगलं खारं रोज खोपीत पोचवलं. वेणूला नको असायचं. हंसा दटावून घास भरवायची. "साहेब सांगतात ना? खा." वेणू खायची आणि आठवड्याआठवड्यानं सुजायची. पाय सुजले, पोट चढलं. रात्र बसून काढायची, होडीच्या फळीला पाठ लावून. ओठ निळे पडायला लागले.

खिडकीवरून साहेब म्हणाले, "इंजेक्शनं चुकवत असणार. तुम्हा लोकांचं हे असंच."

एकही चुकलं नव्हतं. वेणूचा दंड चाळणी झाला होता.

महाराष्ट्राचं राज्य वेगळं झालं त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. भीमा बोटीवर होता. हंसानं कुणाला विचारलं नाही. नवरा देवजी नुसता म्हणाला, "जमात बोलेल गो."

"जमातीला म्हणावं, हंसा बहिणीला घेऊन मुंबईला गेली. परत आल्यावर बोला."

मुंबईचं इस्पितळ मोठं. आत शिरताना हंसा सवयीनं खिडकी शोधत राहिली. खिडकी नव्हती. एका तरुण डॉक्टरनं वेणूला सरळ पलंगावर बसवलं, पडदा ओढला आणि म्हणाला, "बाई, जरा पदर बाजूला घेता? छाती ऐकायचीय." हंसाला डॉक्टरनं अहोजाहो केलेलं ते पहिलंच. त्याच्या नाकाला रुमाल नव्हता. दोघी बहिणींच्या लुगड्यांना बंदराचा सगळा वास होता. तो वाकला, नळी टेकवली आणि त्याचा चेहरा बदलला. त्यानं नळी सरकवली, डोळे मिटून ऐकलं, आणि मग बाजूच्या दोघातिघांना हाक मारली. "इकडे या. हे ऐका."

हंसा घाबरली. "काय झालं हो?"

"तुमचा हात द्या," तो म्हणाला आणि हंसाचा तळवा धरून वेणूच्या डाव्या छातीखाली ठेवला. "काय लागतंय?"

आत काहीतरी गुरगुरत होतं. मांजराच्या पाठीवर हात ठेवल्यावर लागतं तसं. थांबत होतं, गुरगुरत होतं.

"हे कधीपासून आहे? कुणी ऐकलं नाही आधी?"

हंसा आपल्या तळव्याकडेच बघत राहिली. एवढंच करायचं होतं. हात ठेवायचा होता. त्याला ना मशीन लागत होतं, ना मुंबई. खिडकीऐवजी दार लागत होतं.

तिथून पुढे मोठ्या डॉक्टरांनी बघितलं. म्हणाले, क्षय दिसत नाही. हृदयात दोन कप्प्यांच्या मध्ये एक दार असतं, ते लहानपणच्या त्या तापानं आवळून गेलंय. रक्त पुढं जात नाही, मागं फुप्फुसात तुंबतं, म्हणून धाप, म्हणून रक्त. पण फुप्फुसातला दाब किती चढलाय ते बाहेरून कळायचं नाही, आत जाऊन मोजावा लागेल. त्यावर ठरेल, ऑपरेशन करता येतं की नाही.

"आत जाऊन म्हणजे?"

"हाताच्या शिरेतून बारीक पोकळ तार सरकवायची. शिरेनं शिरेनं ती हृदयात जाते, तिथून फुप्फुसाच्या शिरेत. तिच्या टोकाशी दाब कळतो."

हंसानं अंगठा उठवला. वेणूला आत नेलं. हंसा दाराबाहेर जमिनीवर बसली आणि बंदरावरच्या सगळ्या देवांना एकेक करून धमकावत राहिली.

संध्याकाळी वेणूनंच सांगितलं. कोपराशी पट्टी होती, आवाज खोल गेलेला, पण डोळ्यांत कधी नव्हे ती चमक.

"अंधार होता गो, हंसाबाय. दिवसाढवळ्या अंधार केलेला. मला जागीच ठेवलं. कोपरात जरा चिरलं, ते पण औषध टोचून, मग ती तार आत सरकली. दुखलं नाय. खांद्यापाशी गार वाटलं. मग छातीत एकदम फडफड, पाटीत जित्ता मासा उडावा तशी. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, आता हृदयात आहोत. आणि तिथं एका काचेवर उजेडात मला माझं काळीज दिसलं गो. उडत होतं. तार त्यात वळत होती." थोडं थांबून ती म्हणाली, "परकी माणसं माझ्या काळजापर्यंत जाऊन आली. आणि आपले साहेब…"

तिनं कोपराच्या पट्टीवरून बोट फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी हंसाला स्टुलावर बसवलं.

"चांगल्या माणसाच्या फुप्फुसातला दाब पंचविसाच्या आत असतो," ते म्हणाले. "तुमच्या बहिणीचा शंभराच्या वर गेलाय. कळतंय का?"

हंसाला आकड्यांपेक्षा खाडी कळत होती. "तोंडाशी गाळ साठला की पाणी मागं शेतात चढतं, तसं?"

"तसंच. आणि फार वर्षं चढून राहिलं की शेत खारं होतं. आता गाळ काढला तरी शेत सुधारत नाही. फुप्फुसाच्या शिरा जाड झाल्यात, कडक झाल्यात. मी आता छाती उघडली तर ती टेबलावरच जाईल."

"आणि आधी आणली असती तर?"

त्यांनी हातातला कागद पालथा ठेवला. खोटं बोलायचं का, असा विचार करत असावेत. पण खोटं बोलले नाहीत. "तीन-चार वर्षांपूर्वी आणली असती तर सर्जननं आत बोट घालून ते दार मोकळं केलं असतं. आम्ही करतो. पुष्कळ बायका बऱ्या होऊन घरी जातात."

"एक बोट."

"हो."

"आता किती दिवस?"

"सांगता येत नाही. गोळ्या देतो, पाणी उतरायचं इंजेक्शन देतो. आराम पडेल. मीठ मात्र अजिबात बंद. मिठानं अंगात पाणी साठतं, हृदयावर ओझं पडतं. जेवणात काय असतं तिच्या?"

हंसानं पदर तोंडात कोंबला. खारं घोळ, खारा दाढा, दटावून भरवलेले घास. साहेब सांगतात ना? खा.

त्या क्षणी तिच्यातली रडणारी बाई संपली. जी उठली ती वेगळी होती.

परतल्यावर वेणूनं एकच मागितलं. बरं व्हायचं तिनं मागितलंच नाही. "मला घरात ने, हंसाबाय. जमूचे केस एकदा माझ्या हातानं विंचरू दे. खोपीत नको मरायला."

हंसा हिराबाईच्या दारात गेली. सगळं सांगितलं. हिराबाई ओटीवर बसून जाळ्याचा पीळ सोडवत होती.

"मावशी, क्षय नाय तिला. कधीच नव्हता. लागायचा रोगच नाय तो."

"मुंबईवाले उद्या काय पण सांगतील. मी एक पोरगा घालवलाय. एक नात आहे घरात."

"मुंबईवाल्यांनी आत तार घालून बघितलंय!"

"आणि आपले साहेब काय आंधळे? चार वर्षं इंजेक्शनं दिली ती काय पाण्याची?" हिराबाईनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती भीती. "साहेबांच्या तोंडून येऊ दे, हंसा. त्यांनी म्हटलं क्षय, त्यांनीच म्हणावं नाय. मी त्या घडीला तिला हाताला धरून घरात आणते. जमातीसमोर बोलते."

म्हणजे चावी पुन्हा त्याच खिडकीत.

हंसा गेली. मुंबईचा कागद गजांतून पुढे केला. साहेबांनी तो हातात घेतला नाही.

"मुंबईवाल्यांना काय," ते म्हणाले. "आठ दिवस बघतात, इंग्रजी नाव ठेवतात. इथलं मला माहीत."

"साहेब, मला भांडायचं नाय. तुम्ही फक्त आळीत येऊन एवढं म्हणा, की लागायचा रोग नाय. ती पोरीपाशी मरेल हो. नायतर नळी लावून स्वतः ऐका, मग म्हणा. हात ठेवला तरी कळतं."

"वेडी आहेस का? आज मी एका बाईचा क्षय नव्हता म्हणालो, तर उद्या तालुक्यात कोण इंजेक्शन घेईल? माझ्या कामावर पाणी पडेल. आणि ती पाटी लांब ठेव आधी. वास येतो."

हंसानं पाटी उचलली. पाटीत साहेबांच्याच घरी द्यायचं पापलेट होतं. ती मागल्या दाराला गेली नाही. बाजारात येऊन बसली आणि ते पापलेट तिनं पहिल्या भेटलेल्या हमालाला फुकट दिलं.

"घे भावा. साहेबांचं आहे. त्यांना वास येतो."

रखमी तिच्या शेजारी बसायची. जिभेला हाड नसलेली बाई. तिनं सगळं ऐकून घेतलं. "वेणूचं ते काळजाचं मला कळत नाय बा," ती म्हणाली, "पण खिडकी कळते. माझं गळू त्यानं गजातून कापलं होतं, बकऱ्याला कापतात तसं. उद्यापासून माझी पण पाटी तिकडं जायची नाय."

सगळ्या बायकांना खिडकी कळत होती. प्रत्येकीचा हात कधी ना कधी त्या गजांतून गेला होता. सभा नाही, ठराव नाही. डॉक्टरांच्या बंगल्यावर म्हावरं बंद. धोंडी बाजारात आला तर म्हावरं संपलेलं. त्याच्या डोळ्यांदेखत पाटीत शेपट्या हलताहेत आणि बायका म्हणताहेत, "संपलं बाबा." धोंडी आशागडला गेला. आशागडलाही बंदराच्याच बायका. आठवडाभरानं डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, छत्री घेऊन.

रखमीनं पाटीवर पाला ओढला. "बाई, जरा लांबून हां. वास येईल."

"अगं, मला नाही येत वास! द्या ना थोडी कोळंबी तरी."

"साहेबांना येतो ना? तुमच्या लुगड्याला लागला म्हणजे तुम्हाला पण खिडकीवरून घ्यायचे." अख्खी रांग खो खो हसली. "त्यांना सांगा, नाक बंद करून वरणभात खा. तब्येतीला बरा."

हंसा हसली नाही. पापलेट बंद होण्यानं वेणू घरात जात नव्हती. तिला कालवण बंद करायचं नव्हतं, तिला साहेबांचं तोंड उघडवून घ्यायचं होतं. आणि खोपीत वेणूचा श्वास दिवसागणिक आखूड होत होता.

पावसाळ्याच्या तोंडावर तलासरीच्या बाजारात बंदरावरच्या बायका सुकं म्हावरं घेऊन जातात. पाड्यांवरची माणसं चार महिन्यांची बेगमी करतात. त्या वर्षी त्याच बाजाराच्या दिवशी तलासरीत त्या शेटच्या धर्मादाय दवाखान्याची दुसरी शाखा उघडणार होती. साहेबांचा सत्कार होता. क्षयाच्या कामाबद्दल.

हे ऐकलं तेव्हा हंसा पहिल्यांदा हसली.

"मी येते," वेणू म्हणाली.

"वाटेतच जाशील गो."

"इथं काय जगतेय? मला त्यांचं तोंड बघायचंय, हंसाबाय. गजांतून कधी पुरतं दिसलंच नाय."

सुक्या बोंबलांच्या गठड्यांनी भरलेल्या खटाऱ्यात देवजीनं वेणूला बसती केली, मागं मऊ गठडी, पुढं हंसाची पाठ. दुसऱ्या खटाऱ्यात हिराबाई होती, जमुनाला मांडीवर घेऊन. तिनं वेणूला बघितलं आणि तोंड फिरवलं. पोरीनं फिरवलं नाही.

नव्या दवाखान्याला पताका लावल्या होत्या. चुना अजून ओला होता. पाहुणे खुर्च्यांवर, साहेबांच्या गळ्यात हार आणि हाराच्या खाली ती नळी. आणि बाजूच्या भिंतीला, हंसानं बघितलं, नवी कोरी खिडकी. गज लावून तयार. खिडकीपुढे आत्ताच माणसं बसलेली. पहिला तुक्या, सायवनकडचा, खोकून वाकलेला. त्याची बायको नवशी हंसाच्या पाटीतलं सुकं नेहमी घ्यायची. तिनं हाक मारली, "हंसाबाय, आमाला इथंच बसवला. आतमदी नको बोलला."

"ऊठ नवशी. तुक्याला घे आणि माझ्या मागं ये."

हंसानं वेणूला कमरेत धरलं. देवजीनं दुसरीकडून. दोघं तिला ओढत नव्हते, ती चालत होती. चार पावलं चालून थांबत होती, पुन्हा चालत होती. रखमी आणि बंदरावरच्या बायका पाट्या डोक्यावर तशाच घेऊन मागं. सुक्या बोंबलांचा वास खुर्च्यांवर जाऊन बसला. भाषण करणारा शेटचा माणूस थांबला.

"हे काय आहे?" साहेब उठले. "धोंडी, यांना बाजूला घे."

धोंडी जागचा हलला नाही. त्याला रोज बाजारात जायचं होतं.

हंसानं वेणूला खुर्च्यांच्या पुढ्यात, साहेबांच्या पायरीवर बसवलं. वेणूनं मान वर करून साहेबांच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं, घाई न करता, जसं गिऱ्हाईक म्हावरं बघतं.

"साहेब," हंसा म्हणाली. आवाज चढला नाही. वाटेवर एवढ्या वेळा म्हटलेलं, की आता घासून गुळगुळीत झालं होतं. "ही वेणू. हिला तुम्ही चार वर्षं क्षयाची इंजेक्शनं दिलीत. आज तुमच्या गळ्यात हार आहे तो हिच्यासारख्यांच्या नावानं. तुमची नळी पण गळ्यात आहे. आता मधे गज नाय. लावा."

"हा तमाशा…" साहेब पाहुण्यांकडे वळले. "अशिक्षित लोक आहेत. पोलिसांना बोलवा कुणी."

"बोलवा. पोलीस येईपर्यंत लावा."

साहेबांचा हात नळीकडे गेला आणि नळीवरच राहिला. वेणूच्या छातीपासून एक हात अंतर होतं. त्यांना माहीत होतं. हंसाला त्या घडीला समजलं की त्यांना माहीत आहे. टेकवली तर आत काय ऐकू येणार ते त्यांना ऐकायच्या आधीच ऐकू येत होतं, म्हणूनच हात हलत नव्हता.

गर्दीतून हिराबाई पुढे आली. जमुना तिच्या पदराला. "साहेब," ती हात जोडून म्हणाली, "लावा ना. तुम्ही म्हणाल ते मी ऐकते. क्षय आहे म्हणा, मी हिला खोपीत ठेवते. नाय म्हणा, घरात नेते. पण बघून म्हणा."

साहेबांनी तिच्याकडे बघितलंच नाही. त्यांनी रुमाल काढला आणि नाकाला लावला.

त्या रुमालानं झालं ते झालं. हिराबाई त्या रुमालाकडे बघत राहिली. मग तिनं पोरीचा हात पदरातून सोडवला, वेणूसमोर गुडघे टेकले आणि हंसानं सांगितलं होतं तसा आपला खरखरीत तळवा सुनेच्या छातीखाली ठेवला. चार वर्षांनी. वेणूनं डोळे मिटले.

"गुरगुरतंय," हिराबाई म्हणाली. "आत काय तरी गुरगुरतंय गो. हे… हे पहिल्यापासून होतं?"

"पहिल्यापासून होतं, मावशी. हात ठेवणाऱ्याला लागलं असतं."

हिराबाईनं हात काढला नाही. तसाच ठेवून तिनं मान वर केली. जमुना येऊन आईच्या मांडीला टेकली, कुणी अडवलं नाही. वेणूच्या बोटांनी पोरीची वेणी चाचपली आणि हळूहळू सोडायला सुरुवात केली.

हंसा पायरीवर चढली. आता ती आणि साहेब समोरासमोर होते. मागं नव्या खिडकीचे गज, पुढं बंदराच्या बायका, तुक्या, नवशी, पाड्यांवरची माणसं.

"मुंबईची माणसं हिच्या काळजापर्यंत जाऊन आली," हंसा म्हणाली. "तुमच्यानं कातडीपर्यंत येववलं नाय. एका बोटाचं काम होतं. तुम्ही तिचा जीव, तिची पोर, तिचं घर, सगळं त्या खिडकीत ठेवून घेतलंत. मला माफी नको. हिला जगवता येत नाय ते मला माहीत आहे. या सगळ्यांसमोर एवढंच सांगा, साहेब. चार वर्षांत एकदा तरी ही नळी हिच्या छातीला लावली होती का? लावली नसेल तर का नाय लावली? आम्ही थांबलोय. रुमाल काढा आणि बोला."